सांबाळ नावाचं बटण

खिडकीला काय म्हणायचं यावर आमचं एकमत चहा यायच्या आत झालं, आणि आमच्या टोळक्यात तसं पुन्हा कधीही घडलं नाही. जनेल. भिंतीत चौकट बसवून गज लावतात त्याला गोव्यातल्या घरात कुणी खिडकी म्हणत नाही, मग तो माणूस मराठीसाठी मोर्चात गेलेला असो की कोंकणीसाठी. फोंड्याचे सर म्हणाले जनेल, बार्देशचा इंजिनियर म्हणाला जनेल, आणि एरवी प्रत्येक शब्दाला आडवा जाणारा डिचोलीचा खाणवालासुद्धा म्हणाला, जनेलच, त्यात विचारायचं काय. मी टाइप करून टाकलं. पुढचा शब्द होता 'फाईल', आणि त्यावर दुपारपर्यंत भांडण चाललं.

हे सगळं म्हापशात, संगणक दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत. रविवारी दुकान बंद असायचं म्हणून ती खोली आम्हाला मिळायची. लिनक्स ही संगणक चालवणारी अशी प्रणाली, की जी कुणीही घ्यावी, उघडून आत बघावी, हवी तशी बदलावी आणि खुशाल शेजाऱ्याला द्यावी. जगभरची माणसं ती आपापल्या भाषेत नेत होती, आणि आम्ही चौघं ती कोंकणीत न्यायला बसलो होतो. फोंड्याचे सर कॉलेजात कोंकणी शिकवायचे, त्यामुळे शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे तेच ठरवणार असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. बार्देशचा इंजिनियर घरी रोमी लिपीत कोंकणी लिहायचा आणि आमच्या देवनागरीला अधूनमधून चिमटे काढायचा. खाणवाला म्हणजे खाणीच्या ऑफिसातले संगणक चालते ठेवणारा माणूस. त्याचं घर मूळ सावंतवाडीकडचं, भाषा मराठी, आणि तू इथे का येतोस असं विचारलं की सांगायचा, तुम्ही काय घाण करून ठेवता ते बघायला. चौथी मी. डिचोलीच्या उच्च माध्यमिक शाळेत संगणक शिकवायची आणि रोज पेडण्याहून ये-जा करायची.

माझं हे वेड एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून सुरू झालं. घरच्या संगणकावर ती सीडी घातली, तर पहिले काही दिवस काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ, बाकी काही नाही. मोडेम चालेना, आवाज येईना. आई म्हणाली, चांगला होता तो, तू हात लावून बिघडवलास. पण मला काय झालं होतं ते तिला कसं सांगू? मला आत बघता येत होतं. इतकी वर्षं मी मुलांना 'इथे क्लिक करा, तिथे क्लिक करा' एवढंच शिकवत आले होते, आणि आता कुठली ओळ काय करते ते मी स्वतः वाचू शकत होते. एकदा बसमध्ये अस्नोड्याच्या वळणावर मला एकदम उमगलं की मोडेम का चालत नाही. मी एकटीच जोरात हसले. शेजारची मासळीवाली टोपली घेऊन जरा सरकून बसली.

आणि लिनक्सवाल्यांची ती भांडणं! टेलिफोनवरून जोडणी करायची, मेल उतरवून घ्यायची, जोडणी तोडायची, मग सावकाश वाचत बसायचं. याला 'मुक्त' म्हणावं की 'खुलं', कंपन्यांनी यावर धंदा करावा की नाही, पडद्याचं रूप असं हवं की तसं, यावर जगातले लोक तोंडाला फेस येईपर्यंत भांडायचे. ज्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं ती माणसं एका अर्धविरामावरून आठवडाभर एकमेकांची अक्कल काढायची. पण शेवटी जो दुरुस्ती करून पाठवेल त्याचं खरं. हे मला फार आवडलं. भाषेच्या भांडणात वाढलेली मी. भांडण संपल्यावर हातात काहीतरी चालतं-फिरतं उरतं, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

'मुक्त' या शब्दावर आमच्याकडे वेगळीच पंचाईत झाली. गोव्यात मुक्त म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी पोर्तुगीज गेले ते आठवतं. सरांना तो शब्द त्याचसाठी हवा होता, आणि इंजिनियरचं म्हणणं, संगणकाला एवढा हुतात्मा करू नका. खाणवाला म्हणाला, मुक्त म्हणजे फुकट आणि फुकट ते पौष्टिक, पुढचा शब्द घ्या.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी त्यांचीच आहे. बाबा पेडणे तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत मास्तर होते. राजभाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा मी शाळेत होते. बाबा मराठीच्या बाजूने प्रत्येक सभेला जायचे आणि बसलेला घसा घेऊन घरी यायचे. मग कोंकणी राजभाषा झाली, मराठीला शेजारची खुर्ची मिळाली, गोवा राज्य झालं, सगळे आपापल्या कामाला लागले. बाबांचा राग मात्र तसाच राहिला. गंमत अशी की घरात हा माणूस चुकूनही मराठी बोलत नसे. घरात आमची पेडण्याची बोली, थोडी कोंकणी, बरीचशी मालवणी. माका, तुका, खंय, थंय. याबद्दल छेडलं तर म्हणायचे, ती बोलायची भास, लिहायची भाषा मराठी. वर्गातल्या कुणी 'मला' लिहायच्या जागी 'माका' लिहिलं की त्याच्यावर बाबांची लाल शाई अशी फिरायची की कागदाला भोक पडायचं.

म्हापशातल्या आमच्या बैठका सुरू झाल्या त्याच सुमाराला बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला आणि आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तो परत येणार नाही. आईने बाजारातून एक पाटी आणली आणि पाटीवरची पेन्सिल आणली, आणि बाबांनी पहिल्याच दिवशी तिच्यासाठी लिहिलं, 'कृपया पाणी द्यावे.' दुसऱ्या दिवशी, 'पंखा बंद करावा, थंडी वाजत आहे.'

आईला मराठी वाचता येत होतं. ती वाचायची, पाणी द्यायची, पंखा बंद करायची. पण त्या दोघांचा संसार असा कधी चालला नव्हता. बाबा व्हरांड्यातून ओरडणार, आई रांधपघरातून त्याहून मोठ्याने उत्तर देणार, दोघंही शेवटचा शब्द सोडणार नाहीत, आणि शेजारणीला दोन्ही बाजू पाठ. आता 'थंडी वाजत आहे' याला कोण काय उलट बोलणार? आई 'बरां' म्हणायची आणि गप्प व्हायची. एकदा भाजी चिरता चिरता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे माज्याकडे बोलनत नाय गो, निबंद लिवतत."

मी बाबांना जाऊन सांगितलं, घरातलं घरातल्यासारखं लिहा. त्यांनी पाटी पुसली आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'ती लिहिण्याची भाषा नव्हे.' मला रडू आलं आणि रागही आला. आवाज गेला तो गेला, पण त्याच्याबरोबर माणसाचं घरातलं बोलणंही जायचं काय कारण? आईला तिचा नवरा परत हवा होता, आणि तो पाटीवर यायला तयार नव्हता. मी हजार वेळा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

संगणकाचा तर प्रश्नच नव्हता, कारण आमची देवनागरी तेव्हा लंगडी होती. पडद्यावर 'कि' लिहावं तर वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे जाऊन उभी राहायची, आणि जोडाक्षरं मोडून पडायची. बाबांनी एकदा माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि पाटीवर लिहिलं, 'असे लिहिणाऱ्यास पहिलीत परत बसवावे.' चार दिवस ते त्या खोलीत फिरकले नाहीत.

मग नवी आवृत्ती आली. तिच्यात कुणीतरी, कुठल्या तरी देशात बसून, आमच्या वेलांटीचं दुखणं मुळापासून दुरुस्त केलं होतं. इंजिनियरने सीडी आणून दिली, ती मी घरी येऊन चढवली आणि माझा नेहमीचा परीक्षेचा शब्द टाइप केला, 'विद्यार्थिनी'. वेलांटी जागेवर. द्य जोडलेला. रफार डोक्यावर, नीट, टोपीसारखा. मी अशी किंचाळले की आई कालथा हातात घेऊन धावत आली, तिला वाटलं विजेचा झटका बसला. बाबाही आले. त्यांनी चष्मा लावला, पडद्याला नाक टेकेल इतके वाकले, आणि त्या एका शब्दाकडे इतका वेळ बघत राहिले की मलाच काय करावं कळेना. नंतर त्यांनी मला हाताने बाजूला सारलं, कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे ओढली आणि कळफलकाकडे बोट दाखवलं. मी त्या दिवशी इतकी खूश होते की जेवणसुद्धा विसरले.

बाबा भराभर शिकले. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, ही मांडणी बघून त्यांनी टाइप केलं, 'योजणारा शिक्षक असावा.' पाटी कोपऱ्यात गेली. पण आईला काही फायदा झाला नाही. पाटी लहान होती म्हणून निबंध लहान होते, आता ते पानभर झाले. त्यात पडद्यावरच्या बहुतेक सूचना आमच्या कोंकणीतल्या. बाबा त्यांच्याकडे, दारात आलेल्या दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराकडे बघावं तसं बघायचे.

इकडे म्हापशात आम्ही 'सेव्ह' या शब्दापाशी अडलो होतो. सरांना 'सांठय' हवं होतं, साठवण्यातलं. खाणवाला म्हणाला, मराठीत 'जतन करा' झालेलं आहे, तेच घ्या आणि मला घरी जाऊ द्या. मी म्हटलं, आपण शेजारणीकडे मूल सोपवताना काय म्हणतो? सांबाळ. दागिने, गुरं, म्हातारी माणसं, जे जपायचं ते आपण सांबाळतो, मग केलेलं काम का नाही? सर म्हणाले, भावना ठीक आहे, पण हा तांत्रिक शब्द नव्हे. मी टेबलावर हात आपटला, पेला सांडला, इंजिनियर माझ्या बाजूने आला, आणि शेवटी सर हरले. परतीच्या बसमध्ये मी गाणं गुणगुणत होते, आणि घरी येताच 'सेव्ह'च्या जागी तो आमच्या संगणकावर चढवला. जगात कुठेही कुणी कोंकणीत संगणक उघडला की तिथे माझा शब्द दिसणार! आता थोडेच दिवस उरले होते. एका ठरलेल्या तारखेनंतर शब्दांना कुलूप लागणार होतं, आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत त्यात काना-मात्रासुद्धा बदलता येणार नव्हती.

त्याच आठवड्यात बाबांनी मला टाइप करून कळवलं, 'तुझ्या उद्योगाविरुद्ध वर्तमानपत्रात लेख लिहीत आहे. राग मानू नये.' मी म्हटलं, लिहा की, याच संगणकावर लिहा, निदान शुद्धलेखन तरी दिसेल. मला खरंच राग आला नाही. मोठमोठ्या लोकांची भांडणं वाचून मी शिकले होते की विरोधक कामाला लागला तर कामाचं भलंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डिचोलीहून परतले. बाबा सकाळपासून लिहीत होते. मी पायरीवर चपला काढत होते तेवढ्यात आतून कदेल आपटल्याचा आवाज आला. धावत गेले, तर बाबा उभे, तोंड लालबुंद, गळ्याच्या शिरा ताठ, आणि आवाज काहीच नाही. ते पडद्याकडे बोट करत होते. पडद्यावर लेख नव्हता.

काय झालं ते मला लगेच कळलं. लेख पुरा झाला म्हणून बाबा तो बंद करायला गेले. तेव्हा संगणकाने एक छोटी चौकट पुढे केली, तिच्यावर दोन बटणं: 'सांबाळ' आणि 'बंद कर'. आता आमच्या पेडण्यात कुणी ओल्या बांधावरून चालला, कुणी काजूच्या डोंगरावरून डोक्यावर ओझं घेऊन उतरला, कुणी बस मागे घेतली, की बघणारा ओरडतो, सांबाळ! म्हणजे जपून, पाय घसरेल, मागे दगडी गडगा आहे. बाबांना वाटलं, यंत्र धोक्याची सूचना देतंय. शहाण्या माणसाने धोक्यावर बोट ठेवायचं नसतं. त्यांनी जपून, अगदी जपून, शेजारचं 'बंद कर' दाबलं आणि सकाळपासूनचं सगळं लिखाण गेलं.

मी घाबरले होते आणि, देवाशपथ, मला हसूही येत होतं. काही सुचेना म्हणून मी त्यांच्यापुढे एक कोरं पान उघडलं. बाबा धाडकन बसले. चष्मासुद्धा लावला नाही. कळफलक फुटतो की काय अशा बोटांनी त्यांनी लिहिलं:

"ह्यां खंयच्या शाण्यान लिवल्यान? सांबाळ म्हणता! काय सांबाळू, तुजां कपाळ? सकाळपासून हंय बसलंय, पाठ मोडली, सगळां गेलां!"

मी ते वाचलं. परत वाचलं. त्यात एकही 'आहे' नव्हतं. एकही 'द्यावे', 'करावे' नव्हतं. मास्तरांचा हात असल्यामुळे प्रत्येक अनुस्वार मात्र जागेवर होता. बाबांना आपण काय करून बसलोय याचा पत्ता नव्हता. ते अजून माझ्याकडे डोळे वटारून उत्तराची वाट बघत होते. मी फक्त आईला हाक मारली.

आई हात पुसत आली. ती नेहमी आधी ओठातल्या ओठात वाचते, तसं तिने वाचलं. मग मोठ्याने वाचायला लागली, आणि वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला, बाबांचा चढायचा तसा. 'तुजां कपाळ' तर तिने असं फेकलं, की व्हरांड्यात बाबाच उभे आहेत असं वाटावं. तिथे ती थांबली. बाबांकडे बघितलं आणि खाटेवर टेकली. "ह्यांचो आवाज ऐकलंय मी," ती म्हणाली. बाबांनी पडद्याकडे बघितलं, स्वतः लिहिलेलं वाचलं, आणि कानापर्यंत लाल झाले. पण त्यांनी ते पुसलं नाही.

त्याच संध्याकाळी मी टोळक्याला मेल लिहायला बसले, की 'सांबाळ' काढा, आमच्या पेडण्यात माणसं त्याला भिऊन काम घालवून बसतात. स्वतःच भांडून मिळवलेला शब्द परत घेताना मला अजिबात वाईट वाटत नव्हतं, उलट अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. सरांनी लगेच उत्तर दिलं, पेडणे म्हणजे अख्खं गोंय नव्हे. मी काही लिहायच्या आत बाबांनी मला हाताने उठवलं आणि स्वतः बसले. मराठीसाठी घसा फोडलेल्या माझ्या बापाने कोंकणीवाल्यांना लिहिलं, की 'दवर' लिवा, 'दवर' म्हटल्यार कोण भियाचो नाय. दवर म्हणजे ठेव. इतका साधा शब्द, आणि आमच्यातल्या कुणालाही सुचला नव्हता.

पहिलं उत्तर खाणवाल्याचं आलं, मास्तर कोंकणीत लिहायला लागले म्हणजे प्रलय जवळ आला, माझी संमती आहे. इंजिनियरने रोमी लिपीत 'दवर' लिहून पाठवलं. सरांनी बाबांच्या मजकुरातल्या लेखनाच्या चुका दाखवल्या, आणि शेवटच्या ओळीत, शब्द मान्य. कुलूप लागायच्या आत 'दवर' आत गेलं. मी नाचले. खरोखर, उभी राहून नाचले.

लेख बाबांनी पुन्हा लिहिला, पहिल्यापेक्षा जहाल, अस्सल मराठीत, आणि तो छापूनही आला. त्यात माझ्यासारख्या लोकांना त्यांनी उंटावरचे शहाणे म्हटलं होतं. मी कात्रण शाळेत नेऊन सगळ्यांना दाखवलं.

आणि तो छापून आला त्याच दिवसाची गोष्ट. आईने रांधपघरातून विचारलं, बांगडे आणलेत, त्यांचं तिखलं करू की भाजू? आतून कळफलकाचा आवाज आला. आई येऊन पडद्यासमोर उभी राहिली. बाबांनी लिहिलं होतं, "माका कित्याक इचारतंस? मी सांगान एक आणि तू करशीत तुजांच."

आईने पदर खोचला. मग तिने त्यांना काय काय सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. त्यात माझी आजी होती, बाबांचे दात होते, आणि लग्नाच्या जेवणातली सोलकढीसुद्धा होती. बाबा कळफलकावर तुटून पडले. पण बोटं तोंडाएवढी कुठून चालणार, ते सारखे मागे पडायचे. आणि त्यांची ओळ पुरी होईपर्यंत आई कमरेवर हात ठेवून थांबायची, वाचायची, आणि मग भांडायची.